बाबांची हातोडी

३ मार्च, मंगळवार

ती. दादास,
सा. न.

इकडे सगळं ठीक, असं लिहायचं म्हणून लिहिते. आईचा नवा चष्मा आला. माझ्या डोळ्याखालची सूज उतरलीय, वहिनीने पाठवलेलं मलम लावते. प्रयोगशाळेत कुणी विचारलं की दार लागलं म्हणून सांगते.

शुक्रवारी तू मनोरुग्णालयाच्या त्या कुलूपबंद वॉर्डाच्या कागदांवर सही करणार, बाबांना तिथे टाकायला. थांब. पत्र पुरतं वाच, मग काय तो थयथयाट कर. फोनवर सांगितलं असतं तर अर्ध्यात आपटला असतास.

सहा महिन्यांपूर्वी तू विचारलंस, "खरं सांग, जन्मभर तांबं ठोकलं म्हणूनच झालं का गं बाबांचं हे विसरणं?" मी म्हटलं, "हो." दादा, तो होकार निव्वळ रागाचा होता. मी इथे एकटी खस्ता खात होते आणि तू तिकडे बाबांच्या कारखान्याचा मालक म्हणून मिरवत होतास. म्हटलं, जळू दे याचाही जीव.

आता खरं ऐक. आम्ही प्रयोगशाळेत विसरण्याच्या आजारातल्या प्रथिनावर नळीत तांब्याचे, जस्ताचे आयन सोडतो आणि त्याच्या गुठळ्या होतात. रोज बघते मी. असल्या आजारात मेंदूतल्या गुठळ्यांमध्येही हे धातू सापडतात. पण तांबं तर प्रत्येकाच्या मेंदूत लागतंच, तिथे त्याची घडी कशी विस्कटते तेच अजून नीट कळलेलं नाही. पत्रा ठोकून ते डोक्यात चढतं असं कुणी सिद्ध केलेलं नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

तू मात्र दुसऱ्याच दिवशी टेम्पो घेऊन आलास. ऐरण, पत्रे, हातोडी, सगळं भरलंस. बाबा कोपऱ्यापर्यंत अनवाणी धावले तुझ्यामागे.

तोवर ते आईचं नाव विसरले होते, पण हात कुणावर उचलला नव्हता. मागच्या खोलीत ठोकत बसायचे. माझं डोकं उठायचं, ते मात्र शांत असायचे. हातोडी गेली आणि त्यांनी भिंत ठोकली, कपाट ठोकलं, आरशात मूठ घातली. आईचा चष्मा फोडला तो तिच्या नाकावर असताना.

आणि मागल्या आठवड्यातल्या रविवारचं. तुला मी सांगितलं, बाबा उलथनं घेऊन अंगावर आले. खोटं. ते उलथन्याने झाकण ठोकत बसले होते, अगदी तालात, काम करावं तसे. मी म्हटलं बंद करा. परत म्हटलं. मग ते हिसकावलं आणि त्यांच्या तोंडावर मारलं. तीनदा मारलं, दादा. बाबांचा दात पडला तो, तुला सांगितलं तसा, बाथरूममध्ये घसरून नाही. आई माझे केस ओढत किंचाळत होती, "सोड गं, मरतील ते!" तेव्हा कुठे त्यांची मूठ उठली. एकदाच. तीच माझ्या डोळ्याखाली बसली. अर्जात "रुग्ण हिंसक" लिहिलंय ते माझ्या शब्दावर.

बाबांच्या हनुवटीवरून रक्त गळत होतं. त्यांनी माझ्या हातातल्या उलथन्याकडे बघितलं आणि म्हणाले, "वाकलं की. आण इकडे, सरळ करून देतो."

सही करू नकोस. गुरुवारी टेम्पो घेऊन ये आणि नेलेलं सगळं परत आण. हातोडीने उद्या आमचं डोकं फोडतील म्हणशील. फोडतीलही. म्हणून दिवसभराला एक नर्सबाई ठरवलीय. ती बाबांवर लक्ष ठेवेल, आणि माझ्यावरही. तसं तिला मीच सांगितलंय.

उलथनं तसंच वाकडं आहे. बाबा रोज मागतात, आणि सरळ करायला घरात काही नाही.

वहिनीला हे वाचून दाखव. लपवू नकोस.

आधी हात उचलणारी,
तुझी बहीण