वरच्या कोपऱ्यातला ठिपका

डिंगोरे,
१२ एप्रिल २०२६, रविवार

चि. वृषालीला जावेचा आशीर्वाद.

तुझ्या आईचा पाय आता टेकतो का? मोडलेल्या हाडाला घाई चालत न्हाई म्हणावं. इकडं सगळी बरी हायेत. माझी अक्षरं चौथीतली, लागतील तशी वाच. फोनवर तू नुसतं "हां ताई, हां ताई" करतीस, मला राग येतो आणि सांगायचं ऱ्हातं.

तुझी गौरी गाय बरी हाय. तिचं पुढं सांगते.

ती श्रेया म्याडम आपल्या दूधवाल्या बायकांच्या गटाच्या बैठकीला टॅब घेऊन आली व्हती बघ. एक ठिपका म्हंजे एक गोठा, दूध जास्त तो ठिपका वर. "चारा" दाबला की ठिपके एका तऱ्हेनं पांगायचे, "पाणी" दाबलं की दुसऱ्या. "दूध कशानं वाढतं ते तुमीच शोधा," म्हणली. बाकीच्या लाजल्या, तू झरझर बोट फिरवलंस. तुझा ठिपका सगळ्यांच्या वर. अठरा लिटर, टाकी कायम भरलेली. आपल्या सासूबाई, ज्यांनी मला वीस वर्षांत बरं म्हटलं न्हाई, त्या म्हणल्या, "आमची धाकटी हुशार."

लगेच माझी पाळी. माझं दूध डेअरीत मोजलं जात न्हाई, रतीबानं घरोघर जातं, कुणाला काय कळतंय! म्हणलं, वीस लिटर, पाणी दोनदाच.

बाकीचे ठिपके पाण्याबरोबर वर चढलेले, माझा एकटाच कमी पाण्याचा, आणि पार वर. म्याडम म्हणली, "हा असा कसा?" मी म्हणलं, "हातगुण लागतो, बाई. पाण्यानं फुगवून दूध येत न्हाई."

तो टोमणा तुला व्हता. आणि तू म्हणलीस, "ताई, मला शिकवा की."

आईकडं राजुरीला जाताना तू भाऊजींना सांगून गेलीस, ताईंसारखं दोनदाच पाणी पाजा. मी कुंपणावरनं इचारलं, तर हसले. "वहिनी, तुमच्याच ठिपक्यामागं चाललोय." पहिल्या दिवशी गौरी पंधरावर आली. मला गोड वाटलं. लिहिलंय तसंच वाच. दुसऱ्या दिवशी बारा. तरी मी गप.

आज दुपारी गौरी कोरडी टाकी चाटत व्हती. जिभेचा आवाज माझ्या चुलीपर्यंत येत व्हता. भाऊजी बाजारला गेलेले. मी नळी लावून टाकी भरली. ती पीत ऱ्हायली, तर माझी गाय दावं तोडून आली आणि शेजारी तोंड घातलं. किती येळ वर काढीना. इतकी वरसं माझ्या गाईला तहान व्हती, वृषाली. मी हाकललं न्हाई.

भाऊजी आल्यावर सांगितलं, टाकी भरलेलीच ठेवा. का, ते सांगितलं न्हाई. तुला सांगते. माझी गाय नऊ लिटर देती. म्याडमला म्हणावं, तो ठिपका खाली आण. सगळ्यांसमोर आण, मी येऊन बसते.

आल्यावर माझ्याशी बोलायचं असलं तर बोल, नसलं तर नको. माझी गाय मात्र तुझ्या टाकीवर येऊ दे.

तुझी,
नऊ लिटरवाली साळू