रविवारी हलणारा भाव

मंगळवार, ता. ४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गुडघ्याला तेल लावतेस, की नुसती बाटली उशाशी घेऊन झोपतेस? खरं सांग.

पैशाची गोष्ट आहे म्हणून फोन न करता लिहितोय. काका तोंडी शब्दावर दुकान घालवून बसले, तेव्हापासूनचा अण्णांचा नियम तुला माहीतच आहे. पैशाचं बोलणं कागदावर, फोनवर फक्त तब्येती.

तर मी शिकायला लागलोय! वर्कशॉपमधून वेळेआधी निवृत्ती घेतली, बारा लाख हातात आले, पण सहाला उठायची सवय काही जाईना. स्वयंपाकघरातले डबे मी तिसऱ्यांदा नव्याने लावले, तेव्हा हिने हात जोडले. मग इंटरनेटवर शेअर बाजाराचे व्हिडिओ बघायला लागलो. अगं, काय काय पडलंय तिथे! फुकटचे वर्ग, तक्ते, खोट्या पैशाने सराव करायची ॲपं. त्यातूनच एका सरांच्या ग्रुपमध्ये मला घेतलं. दोनशे जण आहोत. सर रोज सकाळी सांगतात काय घ्यायचं, आणि आपण निमूट घ्यायचं. मला तर हे घरच्यासारखंच वाटलं. लेथवर मी असाच शिकलो. उस्तादाच्या हाताकडे बघायचं, तो करील तसं करायचं, तोंड उघडायचं नाही. परवा एकाने काहीतरी शंका काढली, तर सरांनी त्याला ग्रुपमधून काढूनच टाकलं. मला बरं वाटलं, शिस्त आहे.

सरावात खोट्या एका लाखाचे दीड लाख झालेत. खऱ्या पैशाची खास तुकडी आता भरतेय. मी अजून एक पैसाही हलवलेला नाही, तेव्हा लगेच डोळे वटारू नकोस. तू ग्रंथालयात हयात घालवलीस, म्हणून विचारतो, आणखी कुठे काय वाचू?

माया आहेच, ती रागावल्यावरही राहू दे.

तुझा धाकटा

———

शनिवार, ता. ८

चि. टर्नरसाहेबांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तेल लावते. बाटली निम्मी झाली. आता तुझं बघू.

शिकतोयस याचं कौतुकच आहे, पण शंका विचारणाऱ्याला हाकलतो तो कसला रे मास्तर? लेथवर उस्तादाची बोटं तुझ्या डोळ्यांसमोर होती. या सरांचं तू काय बघितलंस? एक फोटो आणि आवाज.

तीस वर्षं पुस्तक हातात आलं की मी आधी बघत आले, कुणी छापलं, कधी छापलं, आणि यात कुणाचा काय फायदा. इंटरनेटवरही तेच कर. बाजारावर देखरेख ठेवणारं सरकारी मंडळ आहे, त्यांच्याच साइटवर साध्या भाषेत फुकट धडे आहेत. मी काल पहिले चार वाचले. सल्ला देऊन पैसे घेणाऱ्याला तिथे नोंदणी करावी लागते आणि नोंदवलेल्यांची यादी सगळ्यांना खुली असते. तुझ्या सरांचं नाव मी दोनदा शोधलं. नाही. कंपन्यांचे वार्षिक अहवालही मिळतात. कंटाळवाणे असतात, पण तू मशीनची माहितीपुस्तकं जेवताना वाचणारा माणूस, तुला आवडतील.

माझं ऐकू नकोस, मोजून बघ. पत्र मिळाल्यापासून पाच दिवस रोज संध्याकाळी तुझ्या ॲपमधल्या एकाच कंपनीचा भाव वहीत लिही आणि शेजारी शेअर बाजाराच्या स्वतःच्या साइटवरचा त्याच दिवशीचा बंद भाव लिही. मायक्रोमीटरशिवाय तू कुणावर विश्वास ठेवत नाहीस, मग इथेच का ठेवतोस? तोवर पैशाला हात लावलास तर गुडघा धरून तिकडे येईन आणि कान धरीन.

वहिनीला विचारल्याचं सांग. लोभाचं लिहायला नको, तो बोचतोय तुला इथूनच.

तुझी ताई

———

बुधवार, ता. १२

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

मी तुम्हाला वेगळं पत्र कधी लिहीत नाही, म्हणून आधीच सांगते, सगळे धडधाकट आहेत.

तुमचं पत्र काल आलं. यांनी ते वाचून घडी घालून खिशात ठेवलं, मला दिलं नाही. शर्ट धुवायला टाकताना मी वाचलं. ताई, पैसे गेलेत. खातं दोघांच्या नावावर आहे, त्यामुळे बँकेचा मेसेज माझ्याही फोनवर येतो. गेल्या गुरुवारी, सहा तारखेला दुपारी, दवाखान्यात पेशंटना नंबर देत बसले होते तेव्हा आला. सहा लाख गेले. म्हणजे तुम्हाला लिहिल्यावर दोनच दिवसांनी.

मी यांना काही बोलले नाही. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच हे शीळ घालत दाढी करत होते. विचारलं असतं तर माणूस कोसळला असता, असं वाटलं. पण तुमचं पत्र वाचल्यावर आता धीर धरवत नाही. उरलेले सहा हीच आमची पुढची सगळी वर्षं. उद्या मधल्या सुट्टीत बँकेत जाऊन ते माझ्या एकटीच्या नावाने मुदत ठेवीत टाकते. माझी सही चालते, मी विचारून घेतलंय.

तुम्ही यांना कळू देऊ नका. यांनी स्वतःच्या तोंडाने मला सांगावं, एवढंच वाटतं. चुकत असेन तर कळवा.

आठवण आहे तशीच ठेवा.

तुमची भावजय

———

सोमवार, ता. १७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी तुझ्याशी खोटं बोललो. सहा तारखेला सहा लाख भरले. तुझं पत्र आलं तेव्हा ते भरून झाले होते.

तरी वही घातली. मंगळवारपासून रोज लिहीत गेलो. पहिले काही दिवस भाव थोडा थोडा चुकत होता. मी म्हटलं, असेल काही फरक, वेळेचा. शनिवारी बाजार बंद, भावही जागचा हलला नाही. काल रविवार. बाजार बंद. पाय मोकळे करून आलो, ॲप उघडलं, तर भाव अकराने वर! ताई, बंद मशीनचं चाक आपोआप फिरताना बघावं तसं झालं.

लगेच सगळे पैसे परत मागितले. सरांच्या माणसाने सांगितलं की आधी कराचे चार लाख भरा, उद्या दुपारच्या आत, म्हणजे सगळे सुटतील. आणि आता जे लिहितोय ते वाचून माझ्याशी नातं तोडलंस तरी चालेल. सगळं खोटं आहे हे कळल्यावरसुद्धा आज सकाळी मी ते चार लाख भरायला बसलो. वाटलं, न जाणो, सुटले तर?

खात्यात एकशे बारा होते. फक्त एकशे बारा. ग्रुपच्या टिणटिणाटापायी फोनचा आवाज बंद ठेवलेला, मेसेज पाहिलाच नव्हता. गुरुवारी उरलेले सहाही गेले. चोरांनी खातंच धुतलं. बँकेत जाऊन हे कुणाला सांगायची हिंमत होत नाही.

हिला काही माहीत नाही. दुपारी नदीच्या पुलावर दोन तास उभा होतो. घाबरू नकोस, घरी आलोय. ही आत पोळ्या लाटतेय आणि मधूनच विचारतेय की कुणाला लिहिताय. काय सांगू तिला? तीस वर्षं एका मापाच्या बाहेर गेलो नाही गं मी. जलद टपालाने पाठवतोय, तू सांगशील ते करीन.

तुझा धाकटा

———

शुक्रवार, ता. २१

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

बुधवारी सकाळी तुमचा फोन आला आणि तुम्ही नमस्कारही न करता सरळ पैशाचंच बोललात, तेव्हाच काहीतरी भयंकर घडलंय हे मला कळलं. या घरात असा फोन पहिलाच. पुलाचं तुम्ही सांगितलंत आणि मी दवाखान्यातून चप्पल अडकवून तशीच पळाले.

हे वहीसमोर बसले होते. मी एका दमात सांगून टाकलं की निम्मे पैसे माझ्याकडे आहेत, कुणी चोरले नाहीत, मीच काढले. हे चिडले, की तीन दिवस मला मारून का टाकलंस. मीही बोलले, तोंडाला येईल ते. हे सांगतील म्हणून मी मानाने वाट बघत बसले होते, ताई, आणि हे पुलावर उभे होते. पुन्हा असला मान मला नको.

त्याच दुपारी दोघं तक्रार द्यायला गेलो. तिथल्या बाईंनी विचारलं की घरात हे पहिल्यांदा कुणाला आणि कधी कळलं. हे म्हणाले, काल-परवा. मी म्हणाले, मला, सहा तारखेला दुपारी. बाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं आणि म्हणाल्या की त्याच दिवशी आला असतात, तर बहुतेक पैसे अडवता आले असते.

तुम्हाला मी लिहिलं होतं की यांच्यासाठी गप्प राहिले. ते निम्मंच खरं होतं. हे आंघोळीला गेले की मी रोज यांच्या फोनमधल्या ॲपवर तो आकडा बघत होते. सहाचे साडेसहा झाले, मग सात, मग साडेसात. मलाही वाटलं, आणखी एक दिवस थांबू. मुलाखतीला जायच्या पोरीसारखी छाती धडधडायची. यांना वाटतंय सगळा दोष त्यांचा एकट्याचा आणि मी शहाणी. काल जेवताना यांनी आधी माझं ताट वाढलं आणि मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले.

पाकीट अजून बंद केलेलं नाही. आत जाऊन सांगते आणि मग बंद करते.

तुमच्या मायेला मी पात्र आहे की नाही, ते तुम्ही ठरवा.

तुमची भावजय

ता. क. सांगितलं. यांनी हळूच विचारलं, की मी शेवटी बघितलं तेव्हा किती होते. मी सांगितलं, साडेसात. तर म्हणाले, त्यांनी बघितलं तेव्हा आठ होते. आणि लिहायला लाज वाटते ताई, पण आम्हा दोघांनाही क्षणभर त्या आठ लाखांचंच वाईट वाटलं.