नानांची मतदारसंघाची वही

रायपूर,
सोमवार, ९ मार्च २०२६

चि. इरावतीस,

निरंजनदादाचे आशीर्वाद. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. तुझ्या सोनियाची परीक्षा संपत आली असेल. तिनं संस्कृत घेतलं नाही याबद्दल मी तिला माफ केलं आहे, एवढं तिला कळव. तुझं नागपूर आतापासूनच तापायला लागलं असेल. इथे गुढियारीत अजून सकाळी पंखा बंद करावा लागतो.

तू मागितलेली नानांची वही वेगळ्या पाकिटातून पाठवतो आहे, या पत्रानंतर दोन दिवसांनी. मुद्दाम मागून. आधी हे वाच.

फोनवर का सांगत नाही, असं तू म्हणशील. महिन्याभरात तीनदा सांगायला म्हणूनच फोन केला आणि तिन्ही वेळा तुला हसवून ठेवून दिला. विनोदी माणसाची ही सोय असते.

वही मी आता पहिल्यांदाच नीट वाचली. आई गेल्यावर दहाव्या वर्षापासून मामांनी, म्हणजे तुझ्या वडिलांनी, आपल्या नानांनी, मला पोटच्या पोरासारखं वाढवलं, पण ही वही कधी हातात दिली नव्हती. रेल्वेच्या मालधक्क्यावरच्या कारकुनाचं अक्षर, सरळ, टपोरं. आपल्या मतदारसंघाचा सगळा इतिहास त्यात आहे. आजोबांच्या वेळी आपला आमदार नागपूरला जाऊन बसायचा. छप्पन्न साली राज्य बदललं, तो भोपाळला बसू लागला. दोन हजार साली आणखी एक राज्य झालं आणि तो इथेच, आपल्या गावात आला. यावर नानांचा शेरा आहे: 'अंतर कमी झाले. दर्शन वाढले नाही.' प्रत्येक आमदारापुढे त्यांनी 'दर्शन' असा रकाना आखला आहे, निवडून आल्यावर आपल्या पाऱ्यातल्या गल्ल्यांना किती वेळा पाय लागले याचा. बहुतेक ठिकाणी शून्य. एका ठिकाणी 'एकदा, लग्नाला'.

सदुसष्टपासून तेवीसपर्यंत विधानसभेच्या तेरा निवडणुका, आणि तेराही वेळा नानांनी मत दिलं. दोन हजार आठला हद्दी नव्यानं आखल्या तेव्हा त्यांनी पेन्सिलीनं नकाशा काढला आहे. नाल्याच्या अलीकडची घरं इकडे, पलीकडची तिकडे. खाली लिहिलंय: 'मी जागचा हललो नाही. मतदारसंघ हलला.'

आता मुद्द्यावर येतो. संस्कृतच्या मास्तरला मुद्द्यावर यायला वेळ लागतो, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

नोव्हेंबरात मतदार याद्यांची मोठी तपासणी निघाली आणि मला आपल्याच पाऱ्याचा बीएलओ केलं. शाळा सोडून घरोघर अर्ज वाटायचे, भरून घ्यायचे, मोबाइलमध्ये चढवायचे. जो सापडला नाही त्याच्यापुढे कारण निवडायचं: मृत, गैरहजर, किंवा कायमचा स्थानांतरित. व्हॉट्सअ‍ॅपवर आमचा गट होता. कुणाचं बूथ किती टक्के झालं, ते रोज संध्याकाळी त्यात यायचं. पन्नाशी उलटलेली माणसं दहावीच्या पोट्ट्यांसारखी आपला नंबर शोधायची. मीही शोधत होतो.

नानांचा अर्ज मी पहिल्याच दिवशी दिला. त्यांनी तो भरला नाही. आधी पेन्सिलीनं कच्चा भरणार, मग दोन हजार तीनच्या यादीतला आपला क्रमांक स्वतः शोधणार, मग शाईनं पक्का. मी रोज विचारायचो. "घाई काहून करून राहिला बे? तुहं बूथ कुठं पळून नाही चाललं," म्हणायचे. मीही सोडून दिलं. घरचाच अर्ज आहे, कधीही घेऊ.

बाकीचं बूथ पूर्ण झालं. एक अर्ज राहिला.

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला, आठव. तू म्हणालीस, "दादा, नानांनी एकदाची मान डोलावली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांना कायमची नागपूरला घेऊन येते." दिवाळीत तुमचं त्यावरूनच वाजलं होतं, म्हणून तुला किती आनंद झाला होता ते मला ऐकू येत होतं. मी फोन ठेवला आणि नानांच्या नावापुढे 'कायमचे स्थानांतरित' हे कारण निवडलं. बूथ शंभर टक्के झालं. गटात माझ्या नावाखाली हाराचं चित्र आलं.

तीन दिवसांनी मुदत वाढली. दुरुस्ती करता आली असती. नानांनी शाईनं भरलेला अर्जही हातात दिला, नागपूरला जाणार नाही हेही सांगितलं. अर्ज मी पिशवीत ठेवला. दुरुस्त केलं असतं तर माझं बूथ पुन्हा मागे गेलं असतं. एवढंच कारण आहे, इरा. याहून मोठं कारण मी बरेच दिवस शोधलं, सापडलं नाही.

डिसेंबरात कच्ची यादी शाळेच्या भिंतीवर लागली. नाना दर वेळेसारखे आपलं नाव वाचायला आले, शेजारच्या पूर्णिमाचा हात धरून. यादीत नाव नव्हतं. वगळलेल्यांच्या यादीत होतं, कारणासकट. मी तिथेच टेबलावर बसलो होतो.

"हे कोणं सांगतलं?" नानांनी विचारलं.

मी म्हणालो, "घरच्यांकडून तशी माहिती आली होती."

"घरची म्हणजे मले एकच आहे," ते म्हणाले आणि वळले.

मी खोटं बोललो नव्हतो. तू फोन केलाच होतास. खोटं न बोलता माणूस किती खोटं वागू शकतो, हे मला चोपन्नाव्या वर्षी कळलं. मला त्यांना हाक मारायची होती. रांगेतल्या पुढच्या बाईनं आधार कार्ड पुढे केलं, ते मी घेतलं.

पुढचं तुला तुझ्या बाजूनं माहीत आहे. तू रोज फोन करायचीस, ते घ्यायचे नाहीत. पूर्णिमा फोन त्यांच्या कानाशी नेऊन बोलायची विनवणी करायची, "बाबा, दीदी हे, गोठिया लव." ते तिला सांगायचे, "तिले म्हण, नाना स्थानांतरित झाला." तू रडत मला विचारायचीस आणि मी म्हणायचो, म्हातारपण आहे, चालायचंच.

जानेवारीत नाव परत घालायची सुनावणी होती. माझ्या गाडीवर बसले नाहीत, मुलीचं ऐकून नाव कापणाऱ्याच्या मागे बसणार नाही म्हणाले, ई-रिक्षानं आले. व्हरांड्यातल्या बाकावर थंडीत चार तास. साहेबांनी विचारलं, "बाबा, आप यहीं रहते हैं, इसका क्या सबूत है?" नाना म्हणाले, "मैं खुद आया हूँ न." सगळे हसले. मीही हसलो. ताप त्या रात्रीपासून आला. डॉक्टर म्हणतात वय चौऱ्याऐंशी होतं. त्यांचं बरोबर असेल. पण बाकावर ते चारही तास त्यांच्या शेजारी मी होतो.

तू पोचलीस तेव्हा ते कोणाला ओळखत नव्हते. तेरवीला तू मला स्वयंपाकघराच्या दारात थांबवून विचारलंस, "दादा, नाना माझ्यावर काहून चिडून होते? माझं काय चुकलं?" मी तुला एक श्लोक ऐकवला. तू मान हलवलीस. श्लोकामागे माणूस किती छान लपतो.

वहीतली शेवटची ओळ तुला वाचावी लागणार आहे. पान तसंच ठेवलं आहे; फाडायचा विचार दोन दिवस मनात होता, तोही सांगून टाकतो. ओळ अशी आहे: 'डिसेंबर २०२५. पोरीने नाव कापले.' तिच्याखाली मी लिहिलं आहे, 'हे खरे नाही. नाव निरंजनने कापले,' आणि सही केली आहे. नानांच्या वहीत दुसऱ्याचं अक्षर पहिल्यांदाच आलं.

वर साहेबांनाही लेखी दिलं. ते म्हणाले, "जाने दीजिए गुरुजी, नाम तो जुड़ गया न." खरंच जुडलं. नाना गेल्यावर पंधरा दिवसांनी पक्की यादी आली, तीत ते आहेत. म्हणजे आता मलाच ते पुन्हा वगळायचे आहेत. अर्ज आज भरला. कारण: मृत्यू. माहिती देणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव लिहिलं आहे, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

लगेच माफ करू नकोस. तुझा तो स्वभाव आहे, म्हणून सांगतो. रविवारी मी नागपूरला येतो आहे. दार उघडलंस तर उंबऱ्याबाहेर उभा राहूनच बोलेन. नाही उघडलंस तर संध्याकाळच्या गाडीनं परत जाईन आणि पुढच्या रविवारी येईन.

तुझ्या नानांचा भाचा,
निरंजन

('दादा' लिहायला हात गेला होता. ते आता तू म्हणशील तर.)