होविताताईचं राहतं घर

सान हासिंतोचा डोंगर, लिमा
ऑगस्टचा तिसरा रविवार

माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या आणि गेली साठ वर्षं ते विसरू न देणाऱ्या होविताताईस,

धाकट्या क्रिसांतोचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, मारिलूचं दुकान आणि जावयाचा स्वभाव, तिन्हींना उतार असेल अशी आशा करतो. मी ठीक आहे. (खोकला आहे, पण या धुक्यात तो कुत्र्यांनाही असतो.)

दोन महिन्यांसाठी म्हणून तू त्रुहियोला मुलीकडे गेलीस, त्याला परवा चौदा महिने झाले. मी काही मोजत बसलेलो नाही, कॅलेंडर जेवायच्या टेबलासमोर आहे म्हणून दिसतं. घर रिकामं राहिलं तर वस्तीची समिती ते रांगेतल्या दुसऱ्या कुणाला देते, हा नियम तुला माहीत आहेच. तू आणि मीच हात वर करून तो केला होता. तेव्हा मी रोज संध्याकाळी तुझ्याकडे जाऊन स्टोव्ह पेटवतो, रेडिओ लावतो आणि दर मंगळवारी तुझे दोन परकर धुऊन बाहेर दोरीवर घालतो. (हिरवा आता विरलाय. अंगावर न घालता परकर विरणारी अख्ख्या लिमात तू एकटीच असशील.) कुणी चौकशी केली तर सांगतो, गुडघ्यांनी पडून आहे, तिला माणसं नकोत.

हे सगळं सुरळीत चालू असताना डोंगरावर कॅमेरा आला. तो आणणारी अरासेली म्हणून एक शिकलेली मुलगी आहे. तिचं म्हणणं, आजवर बाहेरच्यांनी तुमच्यावर सिनेमे काढले, आता तुमचे तुम्हीच काढा. एकेका घराला एकेक दिवस कॅमेरा. आता तूच सांग, तीस वर्षांत आपल्याकडे जो कॅमेरा घेऊन आला, तो घरात माणूस राहतो की नाही हे तपासायलाच आला ना? मग सगळ्यांनी तेच काढलं. अख्खं कुटुंब दारात उभं, हातात जागेचा कागद, मागे उकळतं पातेलं. सत्तावीस घरं आणि सत्तावीस पातेली. एवारिस्तोची पोरं परगावी, म्हणून त्याने शेजारची तीन पोरं उसनी आणली आणि ओळख करून देताना त्यातल्या एकाचं नाव विसरला. अरासेलीने कपाळाला हात लावला. "अहो, मला तुमची गोष्ट हवीय, पातेलं नकोय." त्यावर नेमेसियाबाई (अजून समितीच्या अध्यक्ष आहेत, आणि अजून कुणाचं ऐकत नाहीत) म्हणाल्या, "पोरी, पातेलं उकळतंय म्हणून तर गोष्ट आहे."

माझी पाळी आली तेव्हा मी थेट तू घरात असल्याचा पुरावा करायला तुझ्याकडे गेलो. कॅमेरा बटाट्यांच्या पोत्यावर ठेवला, परकर खिडकीतून दिसतील असे सरकवले, टेबलावर सूपच्या दोन वाट्या मांडल्या आणि आतल्या खोलीकडे तोंड करून मोठ्याने म्हणालो, "पडून राहा, उठू नकोस, मी वाढतो." अभिनय बरा जमला. मग बटण दाबून कॅमेरा बंद केला आणि लाल दिवा लागल्याची खात्री करून घेतली. लाल म्हणजे थांबलं, अशी माझी समजूत. ती उलटी निघाली.

काल संध्याकाळी सामूहिक स्वयंपाकघरात चादर ताणून सगळ्यांचे सिनेमे दाखवले. माझ्या सिनेमात तो अभिनय नव्हताच. होतं ते त्यानंतरचं. मी तुझ्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून आधी माझ्या आणि मग तुझ्या वाटीतलं सूप पितोय आणि खुर्चीला सांगतोय, आज टँकर वर चढला नाही, तुझा कुत्रा छपरावरून पडला पण काही झालं नाही, मीठ जास्त झालंय का गं? आणि उत्तरासाठी थांबतोय. ताई, मी असा थांबतो हे मलाच माहीत नव्हतं. वीस मिनिटं ते चाललं. मला लाज वाटली, आणि एवढी माणसं भोवती असून इतकं एकटं वाटलं की विचारू नकोस. दिवे लागल्यावर नेमेसियाबाई म्हणाल्या, "क्रिसांतो, तुझी बहीण बरीच शांत झालीय रे."

सभा तिथेच भरली. निकाल असा: तीस सप्टेंबरच्या आत तू स्वतः येऊन दारात उभी राहिलीस तर ठीक, नाहीतर घर खालच्या गल्लीतल्या नव्या जोडप्याला. त्रुहियोचं ऊन तुझ्या गुडघ्यांना मानवतं हे मला कळतं. माझा आग्रह नाही. तारीख तेवढी कळवली.

तुझा भाऊ,
क्रिसांतो

ता. क. हे पत्र जावयाला वाचून दाखवू नकोस, तो हसेल. मारिलूला दाखव. रडली तर उत्तमच.

आणखी ता. क. पत्र टाकायला अरासेलीकडे दिलं, तर तिने ते वाचलं आणि विचारलं, "आजोबा, सभेत असं कधी ठरलं?" म्हणून खरं काय ते लिहितो. नेमेसियाबाईंनी सभेला एवढंच विचारलं, की हे घर रिकामं आहे असं ज्याला वाटत असेल त्याने हात वर करावा. एकही हात वर झाला नाही. ते नवं जोडपंही मान खाली घालून बसलं. तुझं घर कुठे जात नाही, ताई. तारीख माझी मीच घातली. तरी तीसच्या आत ये.