चाचणी: शर्मिला, महाड

६ मार्च २००५

डिस्क दिसत नाही! लिनक्स सुरू होतं, पडद्यावर अक्षरं धावतात, आणि डिस्कच्या कार्डापाशी येऊन सगळं थांबतं. असं काही जोडलेलंच नाही म्हणे. कार्ड जुनं, बनवणारी कंपनी बुडालेली.

एमआयडीसीतल्या एका कारखान्याने हा सर्व्हर भंगारात काढला होता. अण्णांनी तो आपल्या अभ्यासिकेसाठी मागून आणला. कॉम्प्युटर शिकलेली मुलगी घरात आहे, मग अडतंय कुठे?

प्रितम तिथे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो आणि तोंड बंद ठेवत नाही. "ताई, याला आधी माणसात आणा, मग लिनक्स टाका."

हसले नाही. हसायला हवं होतं.

९ मार्च

असल्या जुन्या मशीनवर खटपट करणाऱ्यांचा एक मेल-गट आहे, तिथे विचारलं होतं. डेन्मार्कच्या हेन्रिकचं उत्तर आलं. लिनक्सला या कार्डाशी बोलता यावं म्हणून त्याने ड्रायव्हर लिहिलाय — पण कार्ड त्याच्याकडे नाही! होतं ते जळालं. "तुम्ही तपासाल का? दोन दिवस अखंड, डिस्कवर भरपूर लिहायला लावून. तुम्ही ठीक म्हणालात की लिनक्सच्या पुढच्या आवृत्तीत घालतो."

१३ मार्च

डिस्क दिसली!! मी ओरडले नाही. अण्णा ओरडले.

१५ मार्च

दोन दिवस अखंड — कसं? सकाळी भारनियमन, दुपारी भारनियमन, त्याशिवाय मध्येच जाते ती वेगळी. यूपीएसची बॅटरी मेलेली. चाचणी लावते, जरा पुढे सरकते, आणि फट्! सोनबा झाडलोट करता करता सांगतात, "लाईट गेली गो." जणू मला दिसत नाही. मग वर, "लाईटशिवाय चालंल असा कायतरी घाल ना त्या मशीनीत."

वीज आल्यावर दोनदा काही फायली अर्धवट सापडल्या. दुरुस्त केल्या. वीज गेली की कुठल्याही मशीनवर होतं असं.

होतं ना?

१७ मार्च

हेन्रिक विचारतोय, झालं का. नवी आवृत्ती त्याच्यामुळे — म्हणजे माझ्यामुळे — अडून आहे.

सायबर कॅफेत उत्तर लिहायला बसले. "आमच्याकडे वीज" एवढं लिहिलं आणि पुसलं. त्या गटातले लोक लिहितात ते — माझा सर्व्हर तळघरात आहे, वर्षभर बंद पडलेला नाही. त्यांना मी काय सांगू? पुण्यात मुलाखतीला एकाने विचारलं होतं, "महाड? तिथे कॉम्प्युटर आहेत?" बाकीचे हसले होते. मीही हसले होते, त्यांच्याबरोबर.

लिहिलं: अठ्ठेचाळीस तास, पूर्ण भार, एकही चूक नाही.

पाठवलं.

२१ मार्च

काल चवदार तळ्यावर गर्दी. अण्णा बाहेरगावच्या लोकांना धरून धरून अभ्यासिकेत आणत होते. नव्या आवृत्तीच्या पानावर ओळ आली आहे — चाचणी: शर्मिला, महाड. प्रितमने ती छापून फलकावर लावली. अण्णा बोट ठेवून दाखवायचे. "हिने तपासलं, तेव्हा कुठे बाकीच्या जगाने घेतलं!"

पोलादपूरकडच्या एक बाई होत्या. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. हात खरखरीत. "नाव काढलंस गो बाय."

मी खाली बघत राहिले. त्यांना वाटलं, लाजले.

२ एप्रिल

वीज गेली, आली, आणि या वेळी मुलांनी सर्व्हरवर ठेवलेली टिपणं गेली. प्रितमची तर सगळी.

"व्हायरस काय, ताई?"

हो म्हणाले. लिनक्सवर व्हायरसची भीती नाही, हे त्याला मीच शिकवलं होतं! तो माझ्याकडे बघत राहिला आणि काहीच बोलला नाही. प्रितम — आणि बोलला नाही.

घरच्या माझ्या पीसीवर हेच लिनक्स, हीच वीज, फक्त हे कार्ड नाही. तिथे एकही फाइल जात नाही. म्हणजे दोष ड्रायव्हरचा. डिस्कवर लिहून झालं असं तो सांगतो, तेव्हा लिहून झालेलं नसतं. वीज राहिली तर कळतही नाही.

मला कळलं होतं. मार्चमध्येच.

३ एप्रिल

हेन्रिकला कळवायला हवं.

५ एप्रिल

नाही कळवलं. अण्णांनी तो कागद फलकावरून काढून नेला आणि काचेची फ्रेम करून आणला. "कुठे लावू?" मी म्हटलं, तुम्ही ठरवा. त्यांनी दारासमोर लावला. आत येणाऱ्याला आधी माझं नाव दिसतं.

९ एप्रिल

गटावर एक मेल आला आहे. पेरूमधला कुणी रामोन, डोंगरातल्या एका दवाखान्याचं मशीन सांभाळतो. तेच कार्ड. आवृत्तीच्या पानावर माझी ओळ वाचली आणि भरवसा ठेवून ड्रायव्हर घातला. लहान मुलांना टोचलेल्या लसींच्या नोंदी गेल्या. आता घरोघर जाऊन विचारताहेत.

मेलची सुरुवातच अशी — "आमच्या गावात रोज वीज जाते." पाऊसपाणी सांगावं तसं, सहज!

आणि शेवट: "शर्मिला यांच्या गावी वीज जात नसणार, म्हणून त्यांना हे दिसलं नसेल. त्यांचा दोष नाही."

१० एप्रिल

उत्तर पाठवलं. एकट्या रामोनला नाही, सगळ्या गटाला. पहिली ओळ: महाडमध्येही रोज वीज जाते.