तुमच्या नावाचे गहू

प्रिय प्रेमराजभाऊ,

कानबाई मातेची तुमच्यावर छाया असो. हे पत्र सूनबाई दिपमाला तुम्हाला वाचून दाखवेल. तिला सांगतो, सावकाश वाच. फोनच केला असता, पण गेल्या वेळी पलीकडून नुसता तुमचा श्वास ऐकू आला आणि मला पुढे बोलवेना. ज्या आवाजापुढे आपल्या चटई कारखान्यातले सगळे माग दबायचे, तोच लकव्याने नेला. असं का केलंस, हे मी रोज दिवा लावताना देवीला विचारतो. शेठ म्हणायचे ना, "भोंगा कशाला बसवू, प्रेमराज आहे की!" आता भोंगा बसवलाय. वाजतो आणि गप्प होतो.

काम चाललंय तसं. पण तुम्ही दोंडाईचाला घरी गेलात, तेव्हापासून पाळीच्या सुरुवातीला "बठ्ठा जेवनात का रे?" असं, सगळे जेवलात का म्हणून, कोणी विचारत नाही. आम्ही हो म्हणायचो, तुम्ही मात्र आमच्या तोंडांकडे बघून कोण उपाशी आहे ते ओळखायचात. कौतिकच्या मागावर चटया खराब निघाल्या आणि शेठ भडकले, तेव्हा "चूक माझी, मी बघायला हवं होतं," म्हणून तुम्ही माग बंद केलात. मग त्याला निंबाखाली नेऊन झापलंत, "येडा, घरमा काय व्हयनं ते सांगता येत नही का तुले?" त्याची बायको दवाखान्यात होती. त्याला घरी धाडून त्याच्या मागावर तुम्ही स्वतः उभे राहिलात. परवा कौतिकने डबा उघडला आणि तसाच मिटला. म्हणाला, "इचारनारा दोंडाईचाले शे."

शेठनी टीम लीडरची तुमची जागा मला घ्यायला सांगितली आहे. मला तुमच्यासारखा आवाज नाही, धीरही नाही. कानबाईचा सण झाल्यावर सांगतो, म्हणालो. काल आमच्या पोराच्या, हेमराजच्या आईने कानबाईच्या प्रसादाच्या रोटासाठी गहू काढले, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. आबांचे, माझे, हेमराजचे झाले आणि तिने आणखी सव्वा मूठ सुपात टाकून तुमचं नाव घेतलं. आबा चिडले. रोट भाऊबंदांच्या बाहेर जात नाही, म्हणाले. ती म्हणाली, "बाहेर कुठे जातोय, आबा?"

म्हणून हे पत्र. कानबाईचं विसर्जन झालं की लगेच मी गाडीने दोंडाईचाला येतोय, तुमच्या वाट्याचा रोट घेऊन. तुमच्याकडून शब्दाची अपेक्षा नाही. मी ती जागा घ्यावी असं वाटलं, तर चालतो तो डावा हात माझ्या डोक्यावर ठेवा. नाही ठेवलात तरी राग नाही. घरून मी काही न खाता निघणार आहे. तुम्ही फक्त माझ्या तोंडाकडे बघा, भाऊ.

तुमच्याच ताटातला,
रुपचंद