बदली माणूस

मंगळवार, २२ जुलै २००३. जव्हार.

कंपनीतून सामंतांचा फोन. ते तिथले प्रशिक्षण अधिकारी. कळलं ते क्रमाने:

१. बोईसरच्या कारखान्यात आपल्या कॉलेजचे बारा प्रशिक्षणार्थी आहेत. सहा महिने वर्ग इथे झाला, आता सहा महिने प्लांटवर. ऑक्टोबरअखेर कोर्स पूर्ण, मग प्रमाणपत्र.

२. देवराम (पोशेरा) रिअ‍ॅक्टरवर, दुसरी पाळी. विलास (त्याच्याच पाड्यावरचा) सांडपाणी विभागात, पहिली पाळी.

३. गेल्या गुरुवारी आणि शुक्रवारी देवराम कामावर नव्हता. रजा मागितली नव्हती. घरी भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी होती.

४. दोन्ही दिवस विलासने स्वतःची पाळी संपवली, देवरामचं हजेरीचं कार्ड मारलं आणि देवरामच्या जागी रिअ‍ॅक्टरवर उभा राहिला.

५. कुणाच्या लक्षात आलं नाही.

६. शनिवारी देवराम परत आला. पाळीचे इन्चार्ज पांडे यांना पिशवीभर रानातली करटोली दिली आणि विचारलं, "साहेब, विलासने नीट केलं ना?"

७. दोघांनाही गेटबाहेर काढलं.

क्र. ६ सामंतांना पुन्हा सांगायला लावला. बरोबर ऐकला होता.

बुधवार, २३ जुलै

कंपनीचं पत्र फॅक्सने आलं. खोटी हजेरी. विनापरवाना गैरहजेरी. तिसरा आरोप: "अधिकाऱ्यास वस्तू देण्याचा प्रयत्न." म्हणजे करटोली.

मागणी एकच. समन्वयक म्हणून मी अहवाल द्यायचा की दोघांनी फसवणूक केली, आणि कॉलेजने दोघांची नावं कमी करायची. तसं झालं तर बाकीचे दहा चालू राहतील आणि पुढची तुकडीही घेतील. नाही झालं तर करार पुन्हा तपासावा लागेल.

प्राचार्यांनी पत्र माझ्याकडे सरकवलं.

"सरळ आहे हो मॅडम. दोन गेले तर दहा वाचतात."

म्हटलं, आधी दोघांशी बोलते.

"बोला की. पण बोलून गणित बदलत नाही."

शुक्रवार, २५ जुलै

दोघे आले. प्रयोगशाळेत बसवलं. देवराम वीस वर्षांचा, कमी बोलतो. विलास जास्त बोलतो. पावसात भिजून आले होते, स्टुलावर बसायला तयार नव्हते.

मी: न सांगता का गेलास?

दे.: सांगून गेलो मॅडम. विलासला सांगितला.

मी: पांडेसाहेबांना का नाही?

दे.: त्यांना कशाला? जागा रिकामी थोडीच ठेवली. तुम्हीच शिकवला ना, बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही. मी सोडली नाही. विलास आला, मग गेलो.

वाक्य माझंच आहे. पहिल्या आठवड्यात फळ्यावर लिहिते, सगळ्यांकडून पाठ करून घेते. तेव्हा समोर प्रश्न आला नव्हता की बदली माणूस म्हणजे कोण.

विलासला विचारलं, त्याचं कार्ड तू का मारलंस?

"मग कुणाचा मारणार? दिवस त्याचा होता. माझा मारला असता तर माझेच दोन दिवस झाले असते, त्याचा एक पण नाय. मी त्याच्यासाठी उभा होतो ना."



मग कामाचं विचारलं. रिअ‍ॅक्टरभोवतीच्या जॅकेटचं थंड पाणी बंद पडलं आणि आतलं तापमान चढायला लागलं, तर काय केलं असतंस?

"पांडेसाहेबाला हाक मारली असती."

"ते जेवायला गेले असते तर?"

विलास देवरामकडे बघायला लागला. देवरामने लगेच सांगितलं: आधी आत जाणारं फीड बंद, मग राखीव पंप, मग हाक. तिन्ही बरोबर, क्रमही बरोबर.

"त्याला नाही विचारलं. तुला विचारलंय."

वि.: मला नाय माहीत मॅडम. मी तर गाळ बघतो.

म्हणजे चूक खरी आहे. पत्रात लिहिली आहे ती नव्हे, पण खरी. रिअ‍ॅक्टरवर दोन दिवस असा माणूस उभा होता ज्याला तो थंड करता येत नाही. हे मी दोघांना स्पष्ट सांगितलं. देवरामचा चेहरा उतरला. खोट्या हजेरीचं ऐकून उतरला नव्हता.

आणखी एक. विलास दोन्ही दिवस सलग दोन-दोन पाळ्या, म्हणजे सोळा-सोळा तास उभा होता; कायद्यात हे बसत नाही. कंपनीच्या पत्रात याचा उल्लेख नाही.

रविवार, २७ जुलै. जामसर.

आमच्या शेताची आवणी. बाबा शाळेत मुख्याध्यापक, पण या दिवसांत पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बांधावर. शेजारच्या पाड्यावरून बायका-माणसं आली होती, त्यांच्यात नेहमीचे सखाराममामा नव्हते. त्यांच्या जागी पुतण्या.

बाबांना विचारलं, मामा नाही आले, मग दिवस कुणाचा धरायचा?

"सखारामचाच. पुतण्या आला म्हणजे सखाराम आला. उद्या आपण त्याच्याकडे जायचं. मी नाही गेलो तर तू जा, आपलाच दिवस फिटला." मग माझ्याकडे बघून: "तू कशाला जाशील म्हणा. तुला चिखलाची अ‍ॅलर्जी."

लहानपणापासून हे बघते आहे. प्लांटशी त्याचा संबंध असेल असं कधी वाटलं नाही.

दुपारी दोन ओळी लावल्या. बाबा म्हणाले, वाकड्या आहेत.

मंगळवार, २९ जुलै. बोईसर.

सकाळच्या एसटीने गेले. सामंत सभ्य आहेत. चहा, बिस्किटं, मग:

"मॅडम, शिस्त नसेल तर प्लांट चालत नाही. उद्या कोणीही कोणाच्या जागी उभा राहील."

म्हटलं, मला मान्य आहे. त्या दोन दिवशी तसंच झालं आणि तुमच्या लक्षात आलं नाही. पुढे तसं होऊ नये म्हणून काय करणार आहात?

"या दोघांना काढणार आहे."

ते उत्तर नव्हतं. 

पांडेंना बोलावलं. पन्नाशीचे, जौनपूरचे, या कारखान्यात जुने. सामंतांसमोर अवघडून उभे राहिले. सामंत फोन घ्यायला बाहेर गेल्यावर बोलले.

"मैडम, बारह लड़के हैं, सबके सर पे पीला हेल्मेट, आँख पे चश्मा. मैंने नाम पुकारा, 'जी साहब' आया. अब मुझे क्या सपना आएगा?"

"काम कसं केलं त्याने?"

"ठीक किया. वही तो मुसीबत है. गड़बड़ करता तो मैं जाके देखता, पकड़ा जाता."

"आणि देवराम?"

"वो लड़का अच्छा है. गेज को हाथ से ठोक के देखता है, फिर लिखता है. बाकी तो दूर से ही लिख देते हैं." मग हळू आवाजात: "और वो करेले जैसी सब्जी, साहब को मत बोलिएगा, हम लोग खा गए."

सामंत परत आले. मी विचारलं, काढण्याऐवजी दुसरं काही चालेल का? म्हणाले, लेखी द्या, बघतो. "बघतो" या शब्दावर माझा भरवसा नाही, पण लेखी द्या म्हणाले हे खरं.

निघताना म्हणाले, "तुमच्यासारख्या मुलींना आमच्या लॅबमध्ये जागा असते." हे आत्ताच का सांगितलं, विचारलं नाही. थँक्यू म्हटलं.

गुरुवार, ३१ जुलै. पोशेरा.

मोखाड्यापर्यंत एसटी, पुढे जीप, शेवटी चालत. देवराम घरी नव्हता, वरच्या वावरात नागलीची रोपं लावायला गेला होता. आई होती. मला बघून आधी घाबरली, मग खाट टाकली, मग चहाला दूध नाही म्हणून पोरीला शेजारी पिटाळलं.

"बाय, त्याला काडला ना?"

म्हटलं, अजून ठरलं नाही.

"त्याचा बाप पाय मोडून पडलाय. रोपा जून झाली होती. दोन दिस आणखी गेले असते तर गुरांना घालायला लागली असती. मीच त्याला निरोप धाडला." मग, जणू मीच कंपनी आहे अशा आवाजात: "पण तिकडं माणूस उभा करून आलाय ना तो? तुमची जागा रिकामी ठेवली का?"

रिअ‍ॅक्टर काय असतो ते सांगायचा प्रयत्न केला. भाताच्या मोठ्या हंड्यासारखा, झाकण घट्ट, आत जाळ आपोआप वाढतो. ऐकून घेतलं.

"मग त्याच्याजवळ आमच्या विलासला कशाला जाऊ दिला? तिथं कोणी मोठा माणूस नाय?"



देवराम आला. हातपाय धुऊन अंगणात उभा राहिला, बसला नाही. त्याचा मामा भिवंडीला गोदामात हमालीला आहे. सोमवारी, ११ तारखेला, मामाबरोबर जायचं ठरलंय.

"कोर्स?"

"तीन महिने राहिले होते मॅडम. त्यांनी घेतला तर जाईन. नाय घेतला तर इथं बसून काय करू?"

जीपपर्यंत सोडायला आला. वाटेत दोनदाच बोलला. "मला पांडेसाहेबांना सांगायला हवा होता. मला वाटला, विलासला सांगितला म्हणजे झाला."

आणि जरा पुढे गेल्यावर: "विलासला तो राखीव पंप दाखवायला हवा होता. तेच डोक्यात येतं."

शनिवार, २ ऑगस्ट

मसुदा प्राचार्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला, काढून पुसला, परत वाचला.

"तिसरा मुद्दा काढा. सलग दोन पाळ्यांचा. ही धमकी वाटते."

"धमकी नाही सर. झालेली गोष्ट आहे. बाकीच्याही तशाच लिहिल्यात."

"अहो, दहा पोरांचं काय? पुढच्या तुकडीचं काय? खोडाळ्याहून, मोखाड्याहून पालक येतात, विचारतात, कंपनीत कधी लागणार."

हे खरं आहे. दहांचा विचार मी रोज करते. त्यांच्यापैकी तिघांच्या घरी अजून आवणी व्हायची आहे आणि त्यांनाही मी तेच वाक्य शिकवलं आहे. दोन नावं कमी करून ते वाक्य दुरुस्त होत नाही. एवढंच सरांना म्हटलं.

त्यांनी मसुदा परत माझ्याकडे सरकवला.

"मी सही करणार नाही. तुमच्या सहीने पाठवा. मला विचारलं तर मी बाहेरगावी होतो."

"कुठे सर?"

"ते बघू."

माझी नेमणूक कंत्राटी आहे, मार्चपर्यंत. त्यांनी त्याची आठवण करून दिली नाही. दिली नाही हे लक्षात ठेवते.

सोमवार, ४ ऑगस्ट

सकाळच्या तासाला वर्गात नवी तुकडी. फळ्यावरचं जुनं वाक्य पुसलं आणि लिहिलं: त्याच यंत्रावर शिकलेला आणि इन्चार्जने समोर उभं राहून मान्य केलेला माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही. लांब झालं. पाठ करायला पोरांना वेळ लागला. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "मॅडम, सख्खा भाऊ असला तरी नाय?"

तरी नाही.

पत्र दुपारी टाइप केलं, पोस्टाने आणि फॅक्सने पाठवलं. नक्कल इथे उतरून ठेवते.

मा. प्रशिक्षण अधिकारी यांस,

आपल्या पत्राच्या संदर्भात. दोघांकडून चूक झाली आहे. देवराम रजा न घेता गेला आणि ज्याला रिअ‍ॅक्टरचं काम येत नाही अशा माणसाला जागेवर ठेवून गेला. विलासने दुसऱ्याचं कार्ड मारलं. दोघांनी हे लपवलं नाही. देवरामने स्वतः सांगितलं नसतं तर आज हा पत्रव्यवहार झाला नसता. त्यामुळे फसवणूक हा शब्द मी अहवालात लिहू शकत नाही.

बदली माणसाबद्दलचा नियम मी अपुरा शिकवला होता. तो दुरुस्त केला आहे. नवा मजकूर सोबत आहे.

विलास दोन दिवस सलग दोन पाळ्या काम करत होता, याचीही नोंद व्हावी.

विनंती: देवरामने साप्ताहिक सुट्टीत येऊन दोन्ही दिवस भरून द्यावेत, विलासची रिअ‍ॅक्टरची तोंडी परीक्षा पांडे यांनी घ्यावी, आणि दोघांना उरलेलं प्रशिक्षण पूर्ण करू द्यावं. आवणीच्या दिवसांत प्रशिक्षणार्थींना आळीपाळीने दोन दिवस रजा मिळावी, मागितली तर. पाळीच्या सुरुवातीची हजेरी चष्मा आणि हेल्मेट काढून घ्यावी.

करटोलीबद्दलचा आरोप मागे घ्यावा. आमच्या भागात कामावर परतणारा माणूस रिकाम्या हाताने येत नाही.

देवराम सोमवारी, ११ तारखेला भिवंडीला हमालीला निघणार आहे. त्याआधी, दोघांना पुन्हा रुजू करून घेणार की नाही, हे शनिवार, दि. ९ ऑगस्टपर्यंत लेखी कळवावे, ही विनंती.